साखर काढली की पाकाचं काय होतं?

घरच्या श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते. म्हणजे वाटीत जे येतं, त्यातली निम्म्याच्या आसपास नुसती साखर असते. ती काढून स्टीव्हियाचे (एका गोड पानाच्या अर्काचे) चार थेंब टाकले तर गोडी येते, पण श्रीखंड होत नाही. मिश्रण निम्मंच भरतं, आंबटपणा पुढे येतो, वरची चकाकी जाते. घरातल्या मधुमेही माणसासाठी हौसेने गोड करायला घेतलेल्या कितीतरी जणांची निराशा इथेच होते आणि मग आपलाच हात बिघडला असं वाटतं. हाताचा यात काही दोष नाही. साखर गोडीखेरीज बरीच कामं करत असते. तिच्या जागी दुसरं काही घालताना ती कामं कोण करणार, हे आधी ठरवावं लागतं.

पाकाचंच बघा. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत ठेवलं की पाणी उडतं, द्रावण दाट होतं आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. १०५ अंशांच्या आसपास एकतारी पाक होतो, ११५च्या पुढे गोळीबंद. साखरेचे मोठे रेणू पाण्याला आणि एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोन बोटांमध्ये तार येते. हाच पाक थंड होताना त्यातून साखरेचे बारीक कण बाहेर पडतात आणि लाडू वळला जातो, वडी पडते.

आता साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घ्या. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या स्वयंपाकात सध्या याचाच बोलबाला आहे. दिसायला हुबेहूब साखर, गोडी तिच्या ६० ते ७० टक्के, आणि ग्रॅममागे उष्मांक साधारण ०.२ (साखरेचे ४). यातलं बहुतेक सगळं लहान आतड्यातून रक्तात जातं आणि न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही. पण याचा रेणू लहान, चारच कार्बनचा. १०० ग्रॅम पाण्यात ते ६० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं आणि द्रावण पातळच राहतं. कितीही आटवा, तार धरत नाही. गॅस बंद केला की कडेने खडे धरायला लागतात. यात घातलेले गुलाबजाम दुसऱ्या दिवशी बघितले तर वर पांढरी खर आलेली असते.

आणखी एक गोष्ट जिभेला लगेच कळते. एरिथ्रिटॉल विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, साखरेच्या जवळजवळ दहापट. तोंडात गार वाटतं ते त्यामुळे. गरम शिऱ्यात हा गारवा विचित्र लागतो. फ्रिजमधून काढलेल्या श्रीखंडात तो खपून जातो, किंबहुना बरा वाटतो. पदार्थ निवडताना हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं.

पाकाच्या बाबतीत साखरेच्या सर्वांत जवळ जाते ती अ‍ॅल्युलोज. फळांतल्या फ्रुक्टोजचीच ही जुळी बहीण, फक्त एका कार्बनवरची मांडणी उलटी. गोडी साखरेच्या ७० टक्के, उष्मांक ग्रॅमला ०.४. ती चांगली विरघळते, सहजी खडे धरत नाही आणि तापवल्यावर साखरेपेक्षा लवकर तांबूस होते, म्हणून आच मंद ठेवावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली वेष्टनावरच्या एकूण साखरेत ती न मोजण्याची मुभा दिली. तिकडच्या मराठी घरांना ती दुकानात मिळते.

दुसरा गट अतितीव्र गोडीच्या पदार्थांचा. त्यातल्या सुक्रालोजशी एक मराठी आडनाव जोडलेलं आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्याबरोबर काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना साखरेपासून बनवलेलं एक क्लोरीनयुक्त संयुग तपासायला सांगितलं होतं. त्यांनी ते चाखून बघितलं. हे संयुग साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघालं. चमचाभर साखरेचं काम दहा मिलिग्रॅमच्या आत होतं.

एवढीशी मात्रा चमच्याने मोजणार कशी? म्हणून पुडीत भरीला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घालतात, आणि ही दोन्ही सरळसरळ कर्बोदकं आहेत. चहात एक पुडी टाकली तर फरक पडत नाही. पण ‘साखरेइतकंच कपाने मोजा’ असं सांगणारी पावडर पक्वान्नात कपभर घातली तर वीस ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात जाऊ शकतात. थेंबांच्या बाटलीत हा प्रश्न येत नाही. दुकानातल्या ‘शुगर-फ्री’ मिठाईत बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचं गोडीचं द्रव्य असतं. त्याचे उष्मांक साखरेच्या निम्म्याने असतात आणि ते रक्तातली साखर वाढवतं, जरा कमी वेगाने इतकंच. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं ते वेगळं.

पण माझ्या मते खरी फसगत साखरेच्या डब्यात होत नाही, दुधाच्या पातेल्यात होते. लिटरभर गाईच्या दुधात ४७-४८ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. दूध आटवून तिसऱ्या हिश्श्यावर आणलं तरी लॅक्टोज तेवढंच राहतं. एक चमचाही साखर न घातलेली बासुंदी लो-कार्ब नसते. खव्यात दर १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम लॅक्टोज असतं, तेव्हा ‘बिनसाखरेचा पेढा’ हे नाव ऐकून निर्धास्त होऊ नये. मोदकाच्या उकडीत तांदूळ, पुरणपोळीत कणीक आणि हरभऱ्याची डाळ. तिथे साखर-गूळ बदलून पदार्थ थोडा हलका होईल, लो-कार्ब होणार नाही. गूळ, खजूर, मध यांनीही कर्बोदकं कमी होत नाहीत.

चक्का मात्र या सगळ्यात वेगळा. विरजण लागताना जिवाणू थोडं लॅक्टोज खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. उरलेलं पाण्यात विरघळलेलं असतं, ते दही टांगल्यावर निवळीबरोबर गळून जातं. फडक्यात राहतात ती मुख्यतः प्रथिनं आणि स्निग्धांश. १०० ग्रॅम चक्क्यात साधारण तीन-चार ग्रॅम कर्बोदकं उरतात. मराठी पंगतीतलं इतकं मानाचं पक्वान्न मुळात लो-कार्ब पायावर उभं आहे, आणि म्हणूनच सुरुवात श्रीखंडापासून करावी असं मी आग्रहाने सांगेन.

दही म्हशीच्या दुधाचं, ताजं आणि अगदी कमी आंबट हवं, कारण आंबटपणा झाकायला साखर नसणार. सात-आठ तास टांगावं, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. एरिथ्रिटॉल मिक्सरमधून पिठीसारखं बारीक करून घ्यावं. झाकण लगेच उघडू नये, ती भुकटी नाकात जाते. अर्ध्या किलो चक्क्याला ६०-७० ग्रॅमच्या वर घालू नये. चक्क्यातल्या पाण्यात जास्तही विरघळेल, पण फ्रिजमध्ये विद्राव्यता उतरते आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड दाताखाली कचकचतं. उरलेली गोडी सुक्रालोज किंवा स्टीव्हियाच्या थेंबांनी आणावी, एकेक थेंब घालून, चाखत. नुसत्या स्टीव्हियाला मागाहून कडवट चव येते, कारण तिचे घटक जिभेवरचे कडू चव ओळखणारे ग्राहकही चेतवतात. एरिथ्रिटॉलबरोबर ती बरीच झाकली जाते. मग पुरणयंत्रातून फिरवावं. साखरेने सुटणारं पाणी इथे नसतं, मिश्रण घट्ट राहतं. दोन चमचे साय घोटली की मऊपणा येतो. केशर, वेलची, जायफळ हात सैल ठेवून घालावं. साखर पाणी बांधून ठेवून पदार्थ टिकवते, ते कामही इथे कोणी करत नाही. तेव्हा दोन-तीन दिवसांत संपवावं.

श्रीखंडानंतर दुधी हलवा. दुधीत १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅमच कर्बोदकं असतात, गाजरात त्याच्या अडीचपट. दूध आटवण्याऐवजी तुपावर परतून शेवटी साय घालावी. ओल्या नारळाच्या वडीत एरिथ्रिटॉलचा खडे धरण्याचा दोष चक्क कामी येतो: मिश्रण कडा सोडू लागलं की थापावं, वडी धरते, जरा ठिसूळ होते इतकंच.

हे पदार्थ रोज खावेत का? भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत आला, त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सुक्रालोज-स्टीव्हियासारख्या गोडव्यांवर विसंबू नये असं सुचवलं. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. एरिथ्रिटॉलबद्दल अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातलं त्याचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार-पक्षाघात यांचा संबंध दिसला. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. पण २०२४ साली ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) जास्त सक्रिय झाल्याचंही त्यांनी नोंदवलं. हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच वापरावं. इतरांनी सणावाराला, वाटीभर.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणातली कर्बोदकं एकदम कमी केल्याने साखर खूप खाली जाऊ शकते. मात्रेबद्दल आधी बोलून घ्यावं. आणि कधी घाम फुटून, हात थरथरून साखर उतरली, तर त्या वेळी या श्रीखंडाचा काही उपयोग नाही. तेव्हा खरी साखरच द्यावी लागते, तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून.