किफायतशीर आदेश परिमाण

कच्चा माल, सुटे भाग किंवा विक्रीचा माल एका खेपेस किती मागवावा, अथवा एका लॉटमध्ये किती बनवावा, म्हणजे त्यावरचा वर्षाचा खर्च कमीत कमी होईल, हे सांगणारे परिमाण. खरेदी व स्टोअर विभागांत ते ‘ईओक्यू’ (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी) याच नावाने ओळखले जाते. साठानियंत्रणाच्या गणिती प्रतिमानांत हे सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. संक्रियात्मक संशोधन (ऑपरेशन्स रिसर्च) ही शाखा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आकाराला आली. तिच्यापेक्षा हे सूत्र सुमारे पाव शतकाने जुने असून शाखेने ते मागाहून आपलेसे केले.

सूत्रात दोन खर्चांचा मेळ घातलेला असतो. मागणीपत्र काढणे, आवक माल तपासणे, कारखान्यात यंत्राची नव्याने जुळणी करणे हा आदेशखर्च. तो दर खेपेस पडतो, लॉट लहान असो वा मोठा. गुंतलेल्या पैशाचे व्याज, जागा, विमा, खराबी हा साठवणखर्च. तो लॉटबरोबर वाढतो. वार्षिक मागणी व आदेशखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला नगामागील वार्षिक साठवणखर्चाने भागले व वर्गमूळ काढले की परिमाण मिळते. समजा, वर्षाला ९,००० नग लागतात, एका आदेशाला २०० रुपये खर्च येतो, नगाची किंमत ५० रुपये व साठवणखर्च तिच्या २० टक्के, म्हणजे १० रुपये आहे. परिमाण ६०० नग येते. वर्षातून १५ आदेश; साठा सरासरीने लॉटच्या निम्मा, म्हणजे ३०० नग राहतो, म्हणून दोन्ही खर्च प्रत्येकी ३,००० रुपये.

दोन्ही खर्च जेथे समान होतात तेच परिमाण, अशी व्याख्या काही क्रमिक पुस्तकांत आढळते. ती काटेकोर नाही. एक खर्च लॉटच्या व्यस्त प्रमाणात व दुसरा सम प्रमाणात बदलतो, म्हणूनच येथे किमान बिंदू व समानता एकत्र येतात. मोठ्या खरेदीवर सूट मिळू लागली की हा योग मोडतो.

सूत्राचा जनक कोण, याविषयी दीर्घकाळ गोंधळ होता. इंग्रजी व्यवस्थापनग्रंथांत ते अनेकदा ‘विल्सन सूत्र’ म्हणून येते, काही ठिकाणी ‘कँप सूत्र’ म्हणून. जर्मन लेखनात ‘अँडलर सूत्र’ हे नाव रूढ आहे. कँप यांचा लेख १९२२ चा, अँडलर यांचा ग्रंथ १९२९ चा, तर आर. एच. विल्सन यांचा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेख १९३४ चा. या सर्वांआधी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी फॅक्टरी या अमेरिकी मासिकात एका वेळी किती भाग बनवावेत या प्रश्नावर छोटा लेख लिहून वर्गमूळ सूत्र मांडले होते. हॅरिस यांचे औपचारिक शिक्षण शालेय पातळीपर्यंतचेच. वेस्टिंगहाउस कंपनीत त्यांनी अभियंता म्हणून काम केले आणि पुढे ते पेटंट-वकील झाले. त्यांचा मूळ लेख अभ्यासकांच्या नजरेआड गेला व उगम म्हणून १९१५ च्या एका पुस्तकाचा हवाला एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. डोनाल्ड अर्लनकॉटर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मूळ लेख शोधून काढला; १९९० मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले. त्यानंतर अग्रमान हॅरिस यांना देण्यास फारशी हरकत उरलेली नाही. अँडलर यांची मांडणी स्वतंत्र असू शकेल. विल्सन यांचे महत्त्व सूत्रापेक्षा साठा किती उरला असता पुन्हा मागणी करावी, या वेगळ्या प्रश्नाला दिलेल्या संख्याशास्त्रीय उत्तरात अधिक दिसते. साठ्याच्या इष्टतम धोरणावरील १९५१ च्या प्रसिद्ध लेखात अर्थशास्त्रज्ञ ॲरो व मार्शाक यांच्याबरोबर येणारे हॅरिस हे गणितज्ञ थिओडोर हॅरिस होत. नामसाम्यामुळे गल्लत होऊ नये.

आदेशखर्च नेमका किती, हे हिशेबखात्याला क्वचितच ठामपणे सांगता येते. तरीही सूत्र टिकून राहिले, कारण एकूण खर्चाची वक्ररेषा तळाशी बरीच सपाट असते. आदेशखर्चाचा अंदाज दुप्पट धरला गेला तरी परिमाण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते आणि खर्च मात्र सुमारे ६ टक्क्यांनीच. चूक दोन्ही बाजूंना सारखी महाग नसते : वरील उदाहरणात ९०० नग मागविल्यास वर्षाचा खर्च ६,००० वरून ६,५०० रुपये होतो, ३०० मागविल्यास ७,५००. म्हणून पूर्ण पेटी वा पूर्ण ट्रक भरेल असा आकडा घेताना वरच्या बाजूला झुकणे सोयीचे.

मागणी वर्षभर एकसारखी, माल एकदम हजर व टंचाई नाही, ही मूळ गृहीते पुढे एकेक करून सैल करण्यात आली. माल हळूहळू तयार होत असल्यास काय करावे, हे टॅफ्ट यांनी १९१८ मध्ये दाखविले. बदलत्या मागणीसाठी वॅग्नर व व्हिटिन यांची रीत १९५८ ची. वेगळ्या दिशेचा आक्षेप जपानमधून आला. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत जुळणीचा खर्च न बदलता येणारा असा मानलाच नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीने प्रेसवरील डाय (साचा) बदलण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला गेला. जुळणीखर्च चौथाई झाला की परिमाण निम्मे होते, हे हॅरिस यांचेच सूत्र सांगते. त्यामुळे या पद्धतीने सूत्र खोटे पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

भारतात ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९५७ मध्ये स्थापन झाली. मुंबईत पवई येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत (‘नीटी’, २०२३ पासून आयआयएम मुंबई) साठानियंत्रण शिकविले जाते. मात्र सूत्राचा प्रसार मुख्यतः परिव्यय लेखापालांच्या व सनदी लेखापालांच्या परीक्षांतून झालेला दिसतो.