मेंढीचं कृत्रिम रेतन: वेळ जमली, वाट अडली

सोलापूर जिल्ह्यात गाय माजावर आली की रेतन करणारा गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा डबा मोटारसायकलला बांधून गोठ्यावर हजर होतो. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांच्या फिरत्या वाड्यांवर मात्र आजही मेंढाच सोडतात. माडग्याळ जातीचा बाकदार नाकाचा मेंढा चढ्या भावानं आणायचा, तर त्याचं वीर्य गायीसारखं गोठवलेल्या कांडीत का मिळत नाही, हा मेंढपाळांचा रास्त प्रश्न आहे.

पहिली अडचण वेळेची. मेंढीचं ऋतुचक्र सरासरी 17 दिवसांचं, माज एक-दीड दिवसाचा. ती गायीसारखी हंबरत नाही, सोट (चिकट स्राव) लोंबत नाही. मेंढ्याशिवाय माज कळणं कठीणच. शंभराच्या कळपात रोज फार तर सहा मेंढ्या माजावर येणार, आणि त्या सहांसाठी कुणी पोचेपर्यंत वाडा पुढच्या शिवारात गेलेला असतो.

सगळ्यांना एकदम माजावर आणायची युक्ती टप्प्याटप्प्यानं सापडली. कोल आणि हार्ट यांना 1930 मध्ये गाभण घोडीच्या रक्तद्रवात बीजांडं पिकवणारं संप्रेरक मिळालं; तेच आजचं पीएमएसजी. डट आणि कासिडा यांनी 1948 मध्ये प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक टोचून मेंढ्यांचा माज थोपवता येतो हे दाखवलं; थोपवणं थांबवलं की सगळ्या एकदम माजावर येतात. पण अख्ख्या कळपाला वारंवार सुया कोण टोचणार? सिडनीच्या रॉबिन्सन यांनी 1960 च्या दशकात संप्रेरकात भिजवलेला स्पंज योनीत ठेवून तो तिढा सोडवला. पुढे राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनं देशी स्पंजही तयार केला.

स्पंज 12 ते 14 दिवस ठेवतात. त्यात 60 मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन किंवा 30-40 मिलिग्रॅम फ्लुजेस्टोन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच संप्रेरक असतं. काढताना पीएमएसजी 300 ते 500 युनिट टोचायचं. बहुतेक मेंढ्या 24 ते 48 तासांत माजावर येतात, आणि काढल्यापासून 48 ते 56 तासांत रेतन करतात. स्पंजाचा दोरा हळूहळू, खालच्या बाजूला ओढायचा. बरोबर घाण वासाचा स्राव येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. दोरा लांब सोडला तर दुसरी मेंढी चावून ओढते. फार आखूड कापला तर आत जातो आणि बोटानं शोधत बसावं लागतं. पीएमएसजी जास्त झालं की तिळी-चौळी होते, आणि दख्खनी मेंढीला दूध एका कोकरापुरतंच.

दुसरी अडचण वाटेची, ती अजून पुरती सुटलेली नाही. ग्लिसरॉल घालून वीर्य गोठवणं 1949 पासून जमलं आणि गायीत चाललं. मेंढीच्या गर्भाशयमुखात मात्र पाच-सहा वळ्या एकाआड एक, एका रेषेत नसलेल्या. नळी सेंटिमीटरभर जाऊन अडते. गायीसारखा गुदद्वारातून हात घालून मुख धरायलाही जागा नाही. गोठवलेले शुक्राणू एवढी वाट चालत नाहीत. शिवाय स्पंजानंतर त्या वाटेवर त्यांचा प्रवास आणखी मंदावतो. किलीन आणि कॅफरी यांनी 1982 मध्ये दुर्बिणीनं पोटातून थेट गर्भाशयाच्या शिंगांत वीर्य सोडलं. फळ चांगलं मिळतं, पण मेंढी उपाशी ठेवा, पाळण्यात डोकं खाली करून बांधा, पोटाला दोन छिद्रं पाडा! वाघरीच्या (वाड्याभोवतीच्या जाळीच्या) कडेला हे कसं व्हायचं?

म्हणून वाड्यावर झेपतं ते ताजं वीर्य. वीर्य गोळा करायच्या कृत्रिम योनीतलं पाणी 42 ते 45 अंश हवं; थंड पडलं तर मेंढा उतरतो. एका वेळी साधारण एक मिलिलिटर मिळतं. त्यातल्या सुमारे तीन अब्ज शुक्राणूंतून पंधरा-वीस मात्रा होतात. वीर्य पातळ करायचं मिश्रण मलईविरहित दुधाचं, आधी 92-95 अंशांवर दहा मिनिटं तापवून निवलेलं. मिसळलेलं वीर्य 15 अंशांवर ठेवून त्याच दिवशी वापरायचं. मेंढीचं मागचं अंग उचलून, उजेडात गर्भाशयमुख पाहून तोंडाशीच सोडायचं.

सोलापुरात आणखी एक गोची उन्हाची आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे मेमधल्या 42 अंशांचा फटका जून-जुलैच्या वीर्यात दिसतो. रेतन आषाढात करायचं तर मेंढ्याची सावली आणि पाणी वैशाखातच बघावं लागतं.