घर आधी त्वचेला कळते

मुंबईत सध्या ज्यांच्या घराचे काम निघते, त्यांच्या बोलण्यात तीन-चार गोष्टी हमखास येतात: वेताच्या खुर्च्या, चुन्याच्या भिंती, पिवळसर उजेड आणि माळ्यावरून काढून दर्शनी लावलेल्या घरच्या जुन्या वस्तू. आरशासारख्या टाइल्स आणि चकचकीत लॅमिनेटचा सोस ओसरू लागला आहे. ही आवड केवळ डोळ्यांची नाही, असे मला वाटते. घरात आराम वाटतो की नाही, याचा निकाल बराचसा त्वचा देते, आणि मुंबईच्या दमट हवेत तिचे गणित फार काटेकोर असते.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. त्वचेचे तापमान साधारण 33 ते 34 अंश असते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी खोलीतली हवाही 33 अंशांवर गेली, की अंगातली उष्णता हवेकडे जायला वावच उरत नाही. मग सगळी भिस्त घामावर. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे 100 वॉटचा सगळा भार घामानेच उचलायचा, तर तासाला 150 ग्रॅम घाम वाळला पाहिजे. ओघळून गेलेला घाम शरीराला काहीच गारवा देत नाही. आपल्याकडची हवा बाष्पाने आधीच भरलेली असल्याने घाम वाळतो तो सावकाश. पंखा खोली गार करत नाही, उलट त्याच्या मोटरची थोडी उष्णता खोलीतच राहते. तो अंगालगतचा दमट थर बाजूला सारतो आणि वाळण्याला वेग देतो.

हे ध्यानात घेतले की वेताच्या खुर्चीचे पुनरागमन नुसते फॅशन वाटत नाही. रेक्झिनच्या सोफ्यावर अर्धा तास बसून उठताना पाठीला चिकटलेला सदरा सोडवावा लागतो, कारण पाठीपुरती हवा पूर्ण बंद झालेली असते. वेताच्या जाळीतून तीच पाठ मोकळी राहते. मात्र पावसाळ्यात वेतावर बुरशी धरते, म्हणून ती खुर्ची कोपऱ्यात भिंतीला टेकवून न ठेवता वाऱ्याच्या वाटेवर ठेवावी. याच न्यायाने मुंबईच्या नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सरसकट फॉल्स सीलिंग करणे मला पटत नाही. पंख्याची पाती छताच्या फार जवळ गेली, की त्याला वरून ओढायला पुरेशी हवा मिळत नाही आणि खाली वारा कमी लागतो.

फरशीचा अनुभव याहून मजेशीर आहे. दुपारी एक पाऊल उघड्या शहाबादी फरशीवर आणि दुसरे शेजारच्या लाकडी पाटावर ठेवून पाहावे. दोन्ही रात्रभर त्याच खोलीत होते आणि दोघांचेही तापमान 28 अंशच आहे, तरी फरशी गार लागते आणि पाट नाही. दगड पावलातली उष्णता भराभर आत ओढून घेतो, लाकूड ती पृष्ठभागाशीच अडवते. हिशेब केला तर 34 अंशांचे पाऊल टेकताच दगडाशी जिथे स्पर्श होतो तिथले तापमान 30 अंशांच्या आसपास येते, लाकडाशी ते साडेबत्तीसच्या जवळ राहते. त्वचेला हा अडीच अंशांचा फरकच जाणवतो. थंड प्रदेशातल्या घरांची चित्रे पाहून सबंध हॉलला लाकडी फ्लोअरिंग करणारे लोक वर्षातले आठ-नऊ महिने फुकट मिळणारा गारवा गमावतात.

चुन्याच्या भिंतींबद्दल मला आस्था आहे, पण त्यांच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ओला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत त्याचा हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा थर बनतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प ये-जा करू शकते. प्लास्टिक रंगाचा थर हीच वाट बंद करतो. आतली ओल बाहेर पडू पाहते आणि पोपडे सुटतात. कुकरच्या वाफेपुरता किंवा एखाद्या रात्रीपुरता दमटपणा चुना सामावून घेईल. जुलैचा अखंड दमटपणा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पाणी तर कोणताच रंग थांबवत नाही. आधी गळती बंद करावी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावे, म्हणजे मागे हवा खेळते.

घरच्या जुन्या वस्तूंचा विचार कानाच्या बाजूनेही करता येतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांना 1895 साली एका व्याख्यानगृहातल्या घुमणाऱ्या आवाजावर उपाय शोधायचे काम मिळाले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि एकेक वाढवत आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवली की तोच घुमणारा आवाज ऐकू येतो. टाइल्स, काच आणि प्लास्टर आवाज परत फेकत राहतात. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी भिंतीवर लावली, की आवाजाची कंपने तिच्या थरांतल्या हवेत घर्षणाने विरून जातात. भिंतीपासून इंचभर पुढे टांगली तर परिणाम आणखी वाढतो. टाके उसवू नयेत म्हणून वरच्या कडेला कापडी नेफा शिवून त्यात काठी घालावी.

पिवळसर उजेडालाही आधार आहे. डोळ्यांच्या पडद्यात निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असलेल्या काही पेशी 2002 साली स्पष्टपणे ओळखल्या गेल्या. त्या मेंदूला दिवस असल्याचा संदेश देतात. म्हणून रात्री 6500 केल्विनच्या (केल्विन हे इथे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या दिव्यापेक्षा 2700 केल्विनचा पिवळसर मंद दिवा बरा. ओट्यावर मात्र भरपूर उजेडच हवा.

ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेरच अडवावे. आतला जाड पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर लांब आडवे छज्जे आहेत ते याचसाठी. पश्चिमेच्या कलत्या उन्हाला ते पुरत नाहीत, तिथे बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा सोडावा. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी 1998 साली अनेक देशांतली निरीक्षणे एकत्र करून दाखवले, की खिडक्या स्वतः उघडता येणाऱ्या इमारतींतल्या माणसांना तापमानाचा अधिक मोठा पल्ला सुसह्य वाटतो. म्हणून नवी रचना ठरवताना सोफ्याची पाठ खिडकीच्या कडीपर्यंत जाण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की ती खिडकी बसल्या जागेवरून उघडता आली पाहिजे.