रेषा वर, रंग खाली: स्कॅन केलेलं चित्र संगणकावर रंगवण्यामागची पार्श्वभूमी

कागदावर शाईनं काढलेलं चित्र स्कॅन करायचं, त्याच्या लेयरचा (म्हणजे चित्राच्या एका पारदर्शक थराचा) मोड, म्हणजे खालच्या थराशी मिसळण्याची रीत, ‘मल्टिप्लाय’ (गुणाकार) करायचा आणि खाली नवा लेयर घेऊन त्यात रंग भरायचे. चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर फोटोशॉप असो, गिंप असो की क्रिता, सुरुवात बहुधा अशीच होते. यामागचं गणित सोपं आहे. पांढऱ्याची किंमत १, काळ्याची ०. दोन्ही लेयरच्या किमतींचा गुणाकार झाला की कागदाचा पांढरेपणा नाहीसा होतो आणि काळी रेषा काळीच राहते. पण रेषा आणि रंग वेगळे ठेवण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची, छापखान्यातली आहे. ती माहीत असली की ही सॉफ्टवेअरं अशी का घडली, हे नीट उमगतं.

रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. फ्रान्समध्ये मुद्रक एंजेलमान यांनी १८३७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना याच पद्धतीनं चालत असे. मूळ तैलचित्र पाहून त्यातला कुठला रंग कुठल्या दगडावर जाईल, हे कारागीर नजरेनं ठरवत. घरोघरी पूजल्या गेलेल्या लक्ष्मी-सरस्वती अशा एकावर एक दिलेल्या ठशांतून उमटल्या. एक ठसा जरा सरकला, तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाई.

अमेरिकी कॉमिक्सनी हीच विभागणी स्वस्तात बसवली. चित्रकाराचं काळं रेखाटन हीच काळ्या शाईची छपाईची प्लेट. रंगकार छोट्या प्रतीवर जलरंगांनी नमुना करी आणि जागोजागी सांकेतिक अक्षरं लिही. पिवळा, लाल, निळा या तीन शाया आणि प्रत्येकीच्या चार पायऱ्या (काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के, पूर्ण), म्हणजे एकूण ६४ छटा. मग कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टसारख्या ठिकाणी कारागीर, त्यांत बहुतेक स्त्रिया, प्रत्येक शाईच्या प्रत्येक पायरीसाठी पारदर्शक पत्र्यावर हातानं आकार रंगवत. ‘काहीच नाही’साठी पत्रा नको, म्हणून एका पानाला असे नऊ पत्रे लागत. अंकावर त्यांचं नाव सहसा नसे. आजच्या लेयरची यादी पाहताना मला तरी आधी त्यांचीच आठवण येते, कारण काम तेच आहे.

अॅनिमेशनमध्ये रेषा सेलच्या, म्हणजे पारदर्शक पत्र्याच्या, पुढच्या बाजूला असे आणि रंग मागच्या बाजूनं भरला जाई, म्हणजे ब्रश बाहेर गेला तरी रेषा झाकली जात नसे. डिस्नेनं १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’साठी झेरॉक्सच्या तंत्रानं पेन्सिलीच्या रेषा थेट सेलवर उतरवल्या. पुढे पिक्सारसोबत बनवलेल्या ‘कॅप्स’ प्रणालीत रेखाटनं स्कॅन होऊन संगणकावर रंगू लागली. १९९० चा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ पूर्णपणे त्यावर झाला.

सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती रेषेची कड. स्कॅन केलेली रेषा नुसती काळी-पांढरी नसते, तिच्या काठाला करड्या छटा असतात. साधा फिल (एका क्लिकवर बंद जागा रंगवणारं साधन) त्या करड्यापाशी थांबतो आणि रेषेलगत पांढरी किनार उरते. हा प्रश्न नवा नाही. संगणक-चित्रांचे संशोधक अल्वी रे स्मिथ यांनी १९७९ मध्येच ‘टिंट फिल’ या शोधनिबंधात तो मांडला आणि करड्या कडेतही रंग मुरवणारी रीत दिली. कॉमिक्सवाल्यांनी दुसरी वाट धरली. रेषा वेगळी ठेवायची, खालचे रंग तिच्या काळ्या भागाखाली सरकवायचे आणि त्या रंगांच्या कडा मुद्दाम अगदी स्पष्ट, अधल्यामधल्या छटांविना ठेवायच्या, म्हणजे नंतर एका क्लिकवर तो भाग निवडता येतो. या सपाट रंगांना ‘फ्लॅट्स’ म्हणतात. ते करून देणं हा आज स्वतंत्र व्यवसाय आहे.

कॉमिक्समध्ये संगणक खऱ्या अर्थानं रुजवला रंगकार स्टीव्ह ऑलिफ यांनी. कात्सुहिरो ओतोमो यांचं मूळ कृष्णधवल जपानी कॉमिक ‘अकिरा’ १९८८ पासून अमेरिकेत ऑलिफ यांच्या रंगांत निघालं आणि ६४ छटांची चौकट मोडली. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, पण त्यात लेयर आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. तोवर रंगकार काळी रेषा वेगळ्या चॅनलमध्ये (फाइलमधल्या एका रंगाच्या स्वतंत्र कप्प्यात) सांभाळत, म्हणजे पुन्हा काळी प्लेटच.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं पुढचा टप्पा गाठला. २०१८ च्या क्रिता ४.० मध्ये ‘कलराइज मास्क’ आला. रेषांमध्ये फटी असल्या तरी प्रत्येक भागात रंगाचा एखादा फटकारा मारला की तो आकार ओळखून भरला जातो. त्यामागचा लेझीब्रश अल्गोरिदम (संगणकाला दिलेली गणिती रीत) २००९ मधला, हातानं काढलेली कार्टून रंगवण्यासाठीच रचलेला. तिथेही भरलेला रंग रेषेपासून वेगळा राहतो आणि हवा तेव्हा बदलता येतो.