जुनी ब्रिटिश नाणी: ओळख आणि किंमत यांच्या मागचा इतिहास

जुन्या नाण्यांच्या नादाला नव्याने लागलेला माणूस आधी वय विचारतो. नाणे जितके जुने तितके महाग, हे त्याने गृहीत धरलेले असते. ब्रिटिश नाण्यांच्या बाबतीत हा हिशेब पार चुकतो. तेराव्या शतकातली, एडवर्ड पहिल्याच्या राजवटीतली चांदीची पेनी आजही पगारदार माणसाला परवडेल अशा भावात मिळते. ती प्रचंड संख्येने पाडली गेली आणि जमिनीत पुरलेल्या साठ्यांतून आजवर निघत राहिली. उलट 1933 सालची ब्राँझची पेनी लिलावात आली तर हजारो पौंडांच्या खाली हात लावू देत नाही. ब्रिटनने धातू कधी बदलला, साचा कधी बदलला, कोणत्या वर्षी किती नाणी पाडली आणि लोकांनी त्यांतली किती जपून ठेवली, यावर किंमत ठरते. म्हणून या नाण्यांचा इतिहास माहीत असल्याशिवाय भाव कळत नाही.

सुरुवातीलाच एक निवड करून घ्यावी लागते. महाराष्ट्रातल्या घरांत ‘ब्रिटिश नाणे’ म्हणून जे निघते, ते बहुतेक वेळा ब्रिटनचे नसतेच. राणीछाप रुपया, पाव आणा, पंचम जॉर्जची दोन आणी ही सगळी ब्रिटिश हिंदुस्थानची नाणी. त्यांची परंपरा, वजने आणि बाजार वेगळा आहे. ओळखायला सोपे: इंग्रजीत रुपी किंवा आणा आणि इंडिया असे कोरलेले असेल, तर नाणे इथले. ब्रिटनच्या नाण्यावर पेनी, शिलिंग, फ्लोरिन (दोन शिलिंग), हाफ क्राउन (अडीच शिलिंग) अशी नावे असतात, आणि काहींवर तर नावच नसते, नुसती ढाल किंवा घोड्यावरचा संत असतो. 1862 पासूनच्या इथल्या रुपयावर व्हिक्टोरियाच्या डोक्यावर मुकुट आहे. त्याच काळातल्या ब्रिटनमधल्या पेनीवर ती मोकळ्या डोक्याने, केसांचा अंबाडा घातलेली दिसते.

ब्रिटनच्या नाण्यांचा पाया म्हणजे चांदीची पेनी. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा ऑफा याने ती रुळवली. एका पौंड वजनाच्या चांदीतून 240 पेन्या, हे गणित तेव्हाचे; 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड हा हिशेब त्यावर उभा राहिला आणि थेट 1971 पर्यंत टिकला. सुट्टे पैसे हवे असतील तर लोक पेनीच कापत. 1247 मध्ये हेन्री तिसऱ्याने पेनीच्या मागचा क्रूस कडेपर्यंत लांबवला, त्यामुळे कुणी कडेने चांदी कातरली तर लगेच दिसू लागले आणि अर्धे-पाव तुकडे करायलाही रेघ मिळाली. असे कापलेले तुकडे आजही विकायला येतात. नवखा संग्राहक त्यांना फुटके नाणे समजून बाजूला टाकतो. तसे करू नये, तो तुकडाच त्या काळचे सुट्टे नाणे होता.

त्या वेळी नाणे हातोड्याने पाडत. खालचा साचा ओंडक्यात ठोकलेला, वर धातूची चकती, तिच्यावर दुसरा साचा आणि एक दणका. त्यामुळे ही नाणी वाकडी, पातळ, छाप एका बाजूला सरकलेला अशी असतात. हातोड्याच्या काळातले नाणे अगदी वाटोळे आणि दोन्ही बाजूंनी सारखे उठलेले असेल तर आधी नकलीचा संशय घ्यावा. आठव्या हेन्रीने 1544 पासून चांदीत एवढे तांबे मिसळले की नाणे झिजल्यावर राजाच्या नाकावर, म्हणजे सर्वांत उंच भागावर, तांबे दिसू लागले. ‘तांबडनाक्या’ हे त्याचे टोपणनाव पडले ते यावरूनच.

1662 मध्ये चार्ल्स दुसऱ्याच्या राज्यात यंत्राने नाणी पाडायला कायमची सुरुवात झाली. क्राउन या पाच शिलिंगांच्या नाण्याच्या कडेवर लॅटिन अक्षरे आली, ‘शोभा आणि संरक्षण’ अशा अर्थाची. कड कातरली की अक्षरे कातरली जाणार. तरी जुनी कातरलेली नाणी चलनात होतीच. ती गोळा करून नवी पाडण्याचे मोठे काम 1696 मध्ये निघाले आणि त्याच वर्षी आयझॅक न्यूटन लंडनच्या टांकसाळीत वॉर्डन म्हणून रुजू झाला. ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. विल्यम तिसऱ्याच्या मुखवट्याखाली त्या गावाचे आद्याक्षर असते आणि त्या एका अक्षराने भाव बदलतो.

पुढचे शतक मी भराभर ओलांडतो, कारण नवख्याच्या हाती त्यातले फार थोडे येते. 1797 ची मॅथ्यू बोल्टनची पेनी मात्र येते. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर ती पाडली. पेनी एक औंसाची, दोन पेन्सचे नाणे दोन औंसांचे. रुंद उठावदार कड आणि हातात जाणवणारा भार यांमुळे ती चुकत नाही. 1816 च्या कायद्याने चांदीची नवी नाणी आली आणि 1817 पासून सोन्याचा सॉव्हरिन: 22 कॅरट, 7.98 ग्रॅम, मागे पिस्त्रुचीने कोरलेला संत जॉर्ज आणि त्याच्या घोड्याखालचा अजगर.

संग्रहात सर्वाधिक सापडते ती व्हिक्टोरिया. 63 वर्षांहून अधिक राज्य केलेल्या राणीचे वय नाण्यांवरून वाचता येते. विल्यम वायनने कोरलेला तरुण चेहरा 1838 पासून, 1887 चा, राज्याच्या पन्नाशीनिमित्तचा ज्युबिली मुखवटा आणि 1893 पासून डोक्यावरून पदर घेतल्यासारखा दिसणारा वृद्ध चेहरा. ज्युबिली मुखवट्यावरचा मुकुट डोक्याच्या मानाने फारच चिमुकला होता, लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. त्याच वर्षीच्या सहा पेन्सच्या नाण्यावर मागे ढाल होती, अगदी अर्ध्या सॉव्हरिनसारखी. लोक त्याला सोन्याचा मुलामा देऊन खपवू लागले आणि सरकारने ती रचना मागे घेतली. ‘सरकारने मागे घेतलेले’ हे शब्द ऐकले की नवख्याचे डोळे चमकतात. पण मागे घेणार म्हटल्यावर लोकांनी ती सहापेनी आठवण म्हणून जपून ठेवली आणि आज ती चांगल्या अवस्थेतही स्वस्त मिळते.

अंबाड्याची पेनी भिंगाखाली धरून पाहण्यासारखी आहे. 1860 मध्ये जड तांबे जाऊन ब्राँझ आले: 95 भाग तांबे, 4 कथील, 1 जस्त. नाणे साधारण 31 मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ ग्रॅम वजनाचे. काट्याच्या बाजूला त्रिशूळ घेऊन बसलेली, ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया, तिच्या एका बाजूला दीपगृह आणि दुसऱ्या बाजूला शिडाचे जहाज. 1895 मध्ये दोन्ही गेली. दीपगृह 1937 ला परतले, जहाज नाही. म्हणजे साल झिजून गेले असले तरी जहाज दिसले की नाणे 1860 ते 1894 मधले. आता सालाच्या खाली बारीक ‘एच’ आहे का पाहा. लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना तेव्हा बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्याकडे पेन्या पाडायला दिल्या, त्यांची ती खूण. 1882 च्या जवळजवळ सर्व पेन्यांवर ‘एच’ आहे. ‘एच’ नसलेली 1882 ची पेनी अतिशय दुर्मीळ, म्हणूनच ‘एच’ घासून काढलेल्या पेन्या बाजारात येतात. तिथला धातू खोलगट किंवा वेगळ्या चमकेचा वाटला तर पैसे मोजू नयेत. 1918 आणि 1919 मध्ये ‘एच’बरोबर ‘के. एन.’ ही किंग्ज नॉर्टन या बर्मिंगहॅमच्याच कंपनीची खूणही आली, आणि ती ‘एच’पेक्षा कमी सापडते.

छापाभोवती कोरलेली लॅटिन अक्षरेही काळ सांगतात. ‘एफ. डी.’ म्हणजे धर्मरक्षक. ही पदवी आठव्या हेन्रीला पोपने 1521 मध्ये दिली, नाण्यांवर मात्र ती पहिल्या जॉर्जच्या काळात उमटली. 1849 च्या फ्लोरिनवर ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द वगळले तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते पुन्हा घालावे लागले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची अक्षरे ‘इंड. इंप.’, हिंदुस्थानची सम्राज्ञी किंवा सम्राट. व्हिक्टोरियाने ही पदवी 1876 मध्ये घेतली, पण ब्रिटनमधल्या नाण्यांवर ती 1893 पर्यंत आली नाही. देश स्वतंत्र झाल्यानंतरही 1948 च्या नाण्यांवर ती आहे; 1949 पासून गेली. त्यामुळे ही अक्षरे दिसली की नाणे 1893 ते 1948 मधले, हे नक्की.

किमतीच्या दृष्टीने दोन साले पाठ असावीत, 1920 आणि 1947. 1919 पर्यंतच्या शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन यांत 92.5 टक्के चांदी आहे. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली. त्याला हिंदुस्थानातली रुपयाची मागणीही कारण होती. 1918 च्या कायद्याने अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतल्या सुमारे 26 कोटी डॉलरची चांदी ब्रिटनमार्फत इकडे आली. नाण्यातली चांदी नाण्याच्या दर्शनी मूल्यापेक्षा महाग होऊ लागल्यावर ब्रिटनने 1920 पासून चांदी 50 टक्क्यांवर आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती म्हणून 1947 पासून चांदी पूर्ण गेली, तांबे-निकेल आले. शिलिंगाचे वजन तिन्ही काळांत 5.66 ग्रॅमच राहिले, म्हणून तराजू इथे उपयोगाचा नाही, साल वाचायचे. झिजलेल्या साध्या नाण्याला चांदीच्या भावाइतके मिळतात, त्यावर आशा ठेवू नये.

सोन्यात मुंबईचे एक पान आहे. 1918 मध्ये, युद्धामुळे सोने बोटीने लंडनला नेणे धोक्याचे झाले असताना, रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली आणि सुमारे 13 लाख सॉव्हरिन इथे पाडले गेले. सगळ्यांवर साल 1918. अजगराखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या बरोबर वर, बारीक ‘आय’ असतो. सिडनीचा ‘एस’, मेलबर्नचा ‘एम’, पर्थचा ‘पी’ तिथेच शोधायचा. 2013 पासून भारतात परवान्याने पाडलेल्या सॉव्हरिनवरही ‘आय’ आहे, पण ते एलिझाबेथच्या मुखवट्याचे. आपल्या घरांत गिनी म्हणून जपलेले नाणे बहुतेक सॉव्हरिनच असते, आणि फार वेळा त्याला माळेत ओवण्यासाठी कडी डागलेली असते. कडी काढली तरी कडेवरचा डाग राहतो. अशा नाण्याला सोन्याचाच भाव येतो, संग्राहक जास्तीचे पैसे देत नाही.

1933 मध्ये बँकांकडे पेन्या भरपूर होत्या, नव्यांची गरज नव्हती. इमारतींच्या कोनशिलांखाली ठेवायला आणि संग्रहालयांसाठी म्हणून जेमतेम सातेक पाडल्या. लीड्समधल्या एका चर्चच्या कोनशिलेखालची पेनी 1970 मध्ये चोरीला गेली, तेव्हा त्याच शहरातल्या दुसऱ्या चर्चने आपली स्वतःच बाहेर काढून विकली. दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा बदलून केलेल्या बनावट पेन्याही फिरतात. आठव्या एडवर्डने 1936 मध्ये गादी सोडली, त्याची नाणी चलनात आलीच नाहीत. त्याचा एक सॉव्हरिन 2020 च्या जानेवारीत 10 लाख पौंडांना विकला गेला. 1951 च्या 1 लाख 20 हजार पेन्या बर्म्युडाला रवाना झाल्या होत्या, त्या पुढे संग्राहकांनी विकत घेऊन परत आणल्या. ही टोके सोडली तर पंचम जॉर्जची वापरलेली पेनी एका पौंडाच्या आसपास मिळते. 15 फेब्रुवारी 1971 ला 240 पेन्सचा पौंड 100 पेन्सचा झाला आणि जुनी पेनी त्याच वर्षी ऑगस्टअखेर बंद झाली. बंद होणार म्हणून लोकांनी बरण्या भरून ठेवल्या होत्या, त्या आजही संपलेल्या नाहीत.

एकाच सालाच्या दोन पेन्यांत दहापट फरक पडतो तो अवस्थेमुळे. ब्रिटिश व्यवहारात ‘फाइन’ म्हणजे उत्तम नव्हे. ते चांगलेच झिजलेले, पण मुख्य तपशील दिसणारे नाणे. त्याच्या वर व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि न वापरलेले. अंबाड्याच्या पेनीवर आधी कानावरच्या केसांच्या बटा पुसल्या जातात, तिथे पाहावे. आणि चिंच-मीठ लावून घासू नये, हे मी कळकळीने सांगतो. देवघरातली तांब्याची भांडी लख्ख होतात तशी नाणीही होतात. शंभर वर्षांत चढलेला गडद तपकिरी रंग पाच मिनिटांत जातो, पृष्ठभागावर बारीक चरे उठतात आणि ते नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बाद होते. मातीच चिकटली असेल तर साधे पाणी आणि मऊ कापड, तेही न रगडता.

‘हे नाणे असेल तर लाखो मिळतील’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केले होते. असे व्यवहार बँक करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही. विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. भाव पाहायचा तो झालेल्या विक्रीचा, म्हणजे लंडनच्या लिलाव पेढ्या विक्रीनंतर प्रसिद्ध करतात त्या यादीत, तेच साल, तीच टांकसाळीची खूण आणि तीच अवस्था असलेल्या नाण्यापुढे लिहिलेला आकडा.