दुर्बिणीची निवड : खानदेशातील माळरान

मोकळ्या रानातले मोठे वन्यप्राणी लांबून हुडकण्यासाठी दुर्बीण कशी निवडावी, याची ही नोंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही. आता दुर्बीण लागते ती निरीक्षणाला, गणतीला आणि हरभऱ्यात रोही शिरले का हे बांधावरून पाहायला. नीलगायीला इकडे रोहीच म्हणतात.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात : पहिला वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. ८×४२ ला ती ५.२५ मिमी, १०×४२ ला ४.२. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा हा फरक जाणवत नाही. जाणवतो तो झुंजूमुंजू असताना आणि दिवेलागणीला, आणि जनावरे बाहेर पडतात तीही नेमकी तेव्हाच.

यावलच्या झाडीत आठपट पुरते, माळावर दहापट बरी. एक किलोमीटरवरचा रोही दहापटीतून शंभर मीटरवर असल्यासारखा दिसतो. नर खांद्याला सव्वा ते दीड मीटर उंच, काळसर. तो चुकत नाही. चिंकारा मात्र जेमतेम ६५ सेंमी., वाळल्या गवताच्या रंगाचा. कान हलेपर्यंत सापडत नाही. दहाच्या पुढे हाताचा कंप चित्रात उतरतो, मग तिपाई आलीच.

खानदेशात खरी अडचण उन्हाची. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगेमधल्या तापी खोऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढेही जातो. ऊन चढले की जमिनीलगतची हवा लहरू लागते आणि वर्धन ती लहरही मोठी करते. २०–६० पटींचा महागडा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, तिपाईवर लावूनही काळवीट वाहत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. असा स्कोप हिवाळ्यातल्या सकाळी कामाचा.

दुकानात आकाशासमोरची विजेची तार पाहावी. कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी तितके भिंग चांगले. मग दुर्बीण हातभर लांब धरून नेत्रिकेतला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातला, उजेडाचा ठिपका बघावा. तो पूर्ण गोल हवा; कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम बहुधा हलक्या काचेचे. चष्मेवाल्यांना नेत्रिकेपासून किमान १५ मिमी अंतरावरूनही पूर्ण चित्र दिसायला हवे. ‘झूम’वाल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नये.

काळ्या मातीची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच भिंग पुसावे. उपरण्याने तसेच पुसले की चरे पडतात.