गोळ्या संपायच्या आधी: इंग्लंडमध्ये रिपीट प्रिस्क्रिप्शन कधी आणि कसं मागवायचं

डोंबिवलीत बीपीची गोळी संपली तर काय बिघडतं? रात्री नऊ वाजता रिकामी स्ट्रिप घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, “काका, ह्या दोन पट्ट्या द्या” म्हणायचं, की झालं काम. फार तर “पुढच्या वेळी चिठ्ठी आणा हं” एवढं ऐकून घ्यायचं. इंग्लंडला राहायला आलं की ही सवय आधी मोडावी लागते. इथला फार्मासिस्ट कितीही ओळखीचा असो, तुमच्याशी हिंदीत गप्पा मारत असो, जीपीने, म्हणजे तुमची नोंदणी असलेल्या फॅमिली डॉक्टरने, मंजूर केलेलं प्रिस्क्रिप्शन त्याच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय तो बीपीची गोळी काउंटरवर ठेवत नाही. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी त्याला चालत नाही.

दुसरी गफलत ‘रिपीट’ या शब्दाने होते. आपल्याला वाटतं, डॉक्टरांनी एकदा औषध रिपीटवर टाकलं की दर महिन्याला पुडकं आपोआप तयार होणार. तसं नसतं. रिपीट म्हणजे दर वेळी डॉक्टरांची भेट न घेता तेच औषध पुन्हा मागता येईल, एवढीच परवानगी. मागायचं मात्र दर वेळी तुम्हालाच.

दिवस मागून मोजा

बहुतेक जीपी एका वेळी २८ दिवसांचं औषध देतात, प्रकृती स्थिर असेल तर काही ठिकाणी ५६ दिवसांचं. तुम्ही मागणी नोंदवलीत की दोन टप्पे सुरू होतात. पहिला सर्जरीचा, म्हणजे जीपीच्या दवाखान्याचा. (‘सर्जरी’ ऐकून गावाकडच्या आईला घाम फुटतो, तेव्हा फोनवर जपून सांगा.) तिथे मंजुरीला साधारण दोन कामाचे दिवस लागतात, काही ठिकाणी तीन. दुसरा टप्पा फार्मसीचा. प्रिस्क्रिप्शन संगणकावरून लगेच पोहोचतं, पण औषध शेल्फवर असेल, नसेल तर घाऊक विक्रेत्याकडून येईल, मग पिशवी बांधली जाईल, असे एक ते तीन दिवस जातात. यातले ‘कामाचे दिवस’ हे शब्द नीट वाचायचे. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी, त्यात धरत नाहीत.

म्हणून नियम असा: शेवटची गोळी ज्या दिवशी घ्याल, त्याच्या सात ते दहा दिवस आधी मागणी नोंदवायची. मध्ये मोठी सुट्टी येत असेल तर दहाच धरा.

२०२६ च्या ईस्टरचं उदाहरण घेऊ. तुम्ही शुक्रवारी, ६ मार्चला २८ गोळ्या आणल्या आणि त्याच दिवशी पहिली घेतली. शेवटची गोळी येते गुरुवारी, २ एप्रिलला. ३ तारखेला गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, ६ तारखेला ईस्टर मंडे. डबीत चारच गोळ्या उरल्या म्हणून तुम्ही सोमवारी, ३० मार्चला जागे झालात, तर सर्जरीचे दोन दिवस बुधवारी संध्याकाळी पुरे होतात, फार्मसीला फक्त गुरुवार मिळतो, आणि गोळी तिच्याकडे नसेल तर ती ७ एप्रिललाच यायची. चार-पाच दिवस कोरडे. हीच मागणी २३ मार्चच्या सोमवारी टाकली असती तर गोळ्या महिना संपायच्या आत घरात असत्या. नाताळातही हेच होतं, कारण २५ आणि २६ डिसेंबर लागून सुट्टी आणि पाठोपाठ १ जानेवारी. आपल्याला दिवाळीची तारीख वर्षभर आधी पाठ असते, इथल्या बँक हॉलिडेची मात्र आदल्या रात्री कळते, हा आपल्या घराघरातला घोटाळा आहे.

फार लवकर मागूनही चालत नाही. दोन आठवडे आधीच मागणी टाकली तर पुष्कळ सर्जऱ्या ती परत पाठवतात. प्रवासाला जायचं असेल, तर मागणीच्या खाली टीप लिहायला जागा असते, तिथे कारण आणि तारीख लिहा.

एकापेक्षा जास्त औषधं असतील तर खरा गोंधळ पुढेच आहे. बीपीची गोळी १० तारखेला संपते, थायरॉइडची १७ ला, आणि इन्हेलर तर दिवसांत मोजताच येत नाही. तो फवाऱ्यांत मोजायचा. सालब्युटामॉलच्या नेहमीच्या इन्हेलरमध्ये २०० फवारे असतात, आणि गरजेपुरता घेणाऱ्याला तो दोन महिनेही पुरतो, थंडीत खोकला उठला तर दोन आठवड्यांतही संपतो. आमच्या घरी तीन औषधांच्या तीन तारखा होत्या, त्यामुळे महिन्यातून तीनदा फार्मसीची वारी. शेवटी फार्मसीतल्या एका बाईंनीच सुचवलं, “सर्जरीला सांगा, एकदा कमी-जास्त गोळ्या देऊन सगळ्या तारखा जुळवून द्या.” विनंतीची दोन वाक्यं लिहिली आणि पुढच्या महिन्यापासून सगळं एकाच दिवशी. हे कुणी आपणहून करून देत नाही, मागावं लागतं.

मागायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, ॲप. वय १३ किंवा जास्त आणि इंग्लंडमधल्या जीपीकडे नोंदणी, एवढं हवं. पहिल्यांदा ओळख पटवायला पासपोर्टसारखं फोटोचं ओळखपत्र आणि फोनसमोर चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ लागतो. मग प्रिस्क्रिप्शनच्या भागात तुमच्या रिपीटवरच्या औषधांची यादी दिसते. हवी तेवढीच निवडायची. सगळ्यांवर टिक मारायची सवय लावून घेऊ नका, नाहीतर पॅरासिटामॉलचे सहा डबे कपाटात साचतात. त्याच ॲपमध्ये तुमची ठरलेली फार्मसी निवडता येते, त्याला तिथे ‘नॉमिनेशन’ म्हणतात. घर बदललं की ही फार्मसी बदलायची आठवण ठेवा. नाहीतर तुम्ही लेस्टरला आणि पिशवी स्लाऊला, असं होतं.

ॲप नको असेल तर सर्जरीच्या संकेतस्थळावरून मागता येतं, किंवा प्रिस्क्रिप्शनसोबत येणाऱ्या कागदाच्या उजव्या भागावर औषधांपुढे खूण करून तो कागद सर्जरीच्या पेटीत टाकता येतो. फोनवर मागणी घ्यायला बहुतेक सर्जऱ्या तयार नसतात, कारण नावांच्या गोंधळात चुकीचं औषध जाऊ शकतं. वयस्कर आईवडिलांसाठी त्यांच्या संमतीने त्यांच्या खात्याचा प्रवेश स्वतःकडे घेता येतो, ती सोय सर्जरीत विचारून करून घ्या. औषध आणायला कुणीही जाऊ शकतं, रुग्णाचं नाव आणि पत्ता सांगता आला की झालं.

प्रकृती स्थिर असलेल्यांसाठी आणखी एक सोय आहे, जी फारशी कुणी विचारत नाही: रिपीट डिस्पेन्सिंग. यात डॉक्टर एकाच वेळी एक वर्षापर्यंतचे हप्ते मंजूर करून ठेवतात आणि दर महिन्याला तुम्ही थेट फार्मसीतून पुढचा हप्ता घेता. थायरॉइड किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीसाठी उत्तम. कडक नियंत्रणाखालच्या वेदनाशामकांसारख्या औषधांना ती लागू नाही.

मागणी नाकारली का जाते

पात्रता ठरवतात डॉक्टर, आणि ती कायमची नसते. प्रत्येक औषधामागे एक तपासणीची तारीख असते, बहुधा वर्षातून एकदा. मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखरेची आणि मूत्रपिंडाची रक्त तपासणी, थायरॉक्सिन घेणाऱ्याची टीएसएच ही थायरॉइडची रक्त तपासणी, बीपीवाल्याचं बीपी. तारीख उलटून गेली की पुढची मागणी अडू शकते, आणि ते तुम्हाला कळतं ॲपमध्ये बारीक अक्षरातल्या एका ओळीत. मागच्या वर्षी माझ्या दोन मागण्या अशाच नाकारल्या गेल्या. मी मात्र फार्मसीलाच तीनदा विचारून आलो, “औषध का नाही आलं?” ते संदेश उघडून पाहायचं मला सुचलंच नाही. तेव्हापासून मागणी टाकल्यावर तिसऱ्या दिवशी ॲपमध्ये डोकावतो. रक्त तपासणी ठरवायला आठवडे जातात, त्यामुळे वाढदिवसाच्या महिन्यासारखा तपासणीचाही महिना लक्षात ठेवा.

पैसे कुणाला, माफी कुणाला

इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड लागतात, २०२५-२६ मध्येही दर तोच राहिला. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार भरला असला तरी हे वेगळे भरावे लागतात. आपल्या माणसांना हे पहिल्या वेळी जिवावर येतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये शुल्क नाही.

१६ वर्षांखालची मुलं, पूर्णवेळ शिकणारी १६ ते १८ ची, ६० आणि त्यापुढचे यांना फुकट. गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर बारा महिने, प्रमाणपत्रावर फुकट. काही आजारांसाठी वैद्यकीय माफीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी एफपी९२ए हा अर्ज सर्जरीतून घेऊन त्यावर डॉक्टरांची सही लागते, आणि प्रमाणपत्र साधारण पाच वर्षं चालतं. ज्यांना मधुमेहासाठी औषध घ्यावं लागतं ते, आणि थायरॉइडच्या कमतरतेसाठी थायरॉक्सिन घेणारे, दोघेही त्यात बसतात. एकदा प्रमाणपत्र मिळालं की बाकीच्या औषधांचेही पैसे लागत नाहीत. मात्र बीपी आणि दमा या यादीत नाहीत. “शेजाऱ्याला फुकट, मला का नाही?” याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. माफी नसताना प्रिस्क्रिप्शनवर माफीची खूण केली तर मूळ शुल्काशिवाय १०० पौंडांपर्यंत दंड होतो. प्रमाणपत्राची मुदत संपली हे विसरलं जातं, आणि मग दंडाचं पत्र येतं.

माफी नसेल आणि दर महिन्याला औषध घ्यावं लागत असेल तर शुल्क आगाऊ भरण्याचं प्रमाणपत्र काढा, मग त्या मुदतीत दर औषधाचे वेगळे पैसे नाहीत. तीन महिन्यांचं ३२.०५ पौंड, वर्षाचं ११४.५० पौंड, आणि वर्षाचं हप्त्यांनीही भरता येतं. वर्षात बारा किंवा जास्त वस्तू (प्रिस्क्रिप्शनवरचं दर वेळचं एकेक औषध म्हणजे एक वस्तू) लागणार असतील तर ते फायद्याचं. माफीचं प्रमाणपत्र यायला वेळ लागणार असेल, तर औषध घेताना काउंटरवर एफपी५७ पावती मागून घ्या. ती त्याच वेळी मिळते, नंतर नाही. तिच्याशिवाय परतावा नाही.

आणि तरीही संपल्याच तर

बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाच्या काही गोळ्या), फिटची औषधं, स्टिरॉइड, नैराश्यावरच्या गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं, तेव्हा दोन दिवस रेटू या असा हिशेब करू नका. सर्जरी उघडी असेल तर आधी तिथे तातडीची विनंती करा. बंद असेल तर १११ ला, म्हणजे एनएचएसच्या मदत क्रमांकाला, फोन करा किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून औषध संपल्याचं कळवा. ते तुम्हाला जवळच्या फार्मसीकडे पाठवतात, आणि तिथला फार्मासिस्ट योग्य वाटल्यास थोड्या दिवसांचं औषध देतो. तिथे नेहमीचंच शुल्क लागतं, माफी असेल तर तेही नाही. थेट फार्मसीत गेलात तरी तो आणीबाणी म्हणून देऊ शकतो, पण त्याचे खाजगी दराने पैसे घेऊ शकतो. कडक नियंत्रणाखालची बहुतेक औषधं मात्र कुठल्याच वाटेने अशी मिळत नाहीत. जुनी पट्टी, रिकामा डबा किंवा ॲपमधली यादी, काहीतरी सोबत न्या. “ती पांढरी छोटी गोळी” यावर इथे औषध मिळत नाही.

नवे आलेले, आणि भारतात निघालेले

नुकते आला असाल तर पहिल्या आठवड्यातच जीपीकडे नोंदणी करा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवायची सक्ती नाही, असला तर काम सोपं होतं एवढंच. भारतातून दोन-तीन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांचं पत्र आणा. पत्रात ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा हवी. थायरोनॉर्म म्हटलं तर इथे कुणी ओळखत नाही, लेव्होथायरॉक्सिन म्हटलं की लगेच. आपल्याकडे एकाच गोळीत दोन औषधं घालायची पद्धत जास्त आहे, टेल्मा एएम किंवा ग्लायकोमेट जीपी अशी. इथे ती वेगळी मिळण्याची शक्यता जास्त, आणि मग वस्तू दोन, शुल्कही दोन.

भेटीला येणाऱ्या आईवडिलांनी राहण्याच्या पूर्ण काळाचं औषध बिलासह आणावं. तुमच्या नावावरच्या रिपीटमधून त्यांना द्यायचं नाही. काही झालं तर जीपीकडे तात्पुरती नोंदणी होते.

तुम्ही स्वतः दोन महिने गावी निघाला असाल, तर तिकीट काढल्याच्या आठवड्यातच सर्जरीला कळवा. तीन महिन्यांपेक्षा जास्त औषध एनएचएसकडून मिळेल अशी आशा धरू नका, आणि तेवढंही मिळेलच असं नाही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनांच्या नियंत्रित गोळ्या सोबत असतील तर डॉक्टरांचं पत्र हवं, आणि त्यांचा साठा तीन महिन्यांचा किंवा जास्त असेल तर ब्रिटनच्या गृहखात्याचा परवाना. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ खोक्यातच. सामानात टाकलेली बॅग मुंबईऐवजी दोह्याला राहिली, तर २८ गोळ्यांचा सगळा हिशेब तिथेच राहतो.